वायकिंगांच्या धर्माचा पुरातत्त्वज्ञ व्हायचं तर

वायकिंगांच्या ओडिन, थोर या देवांच्या ज्या गोष्टी आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याचशा आइसलँडमध्ये १२२०च्या सुमारास लिहिल्या गेल्या. तोवर तिथे ख्रिस्ती धर्म येऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. म्हणून आधी मातीची सवय लावा, कथा नंतर.

पुरातत्त्वाचं एम.ए. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही करता येतं. थर ओळखणं, मोजमाप, रेखाटन हे कुठेही खणलं तरी लागतंच. सोबत जुनी नॉर्स, म्हणजे वायकिंगांची भाषा, शिकायला घ्या, शिवाय स्वीडिश, डॅनिश किंवा नॉर्वेजियनपैकी एक. जुने उत्खनन-अहवाल याच भाषांत आहेत. वायकिंग काळातल्या रूनलिपीत अक्षरं फक्त १६, आणि फसगत तिथेच होते: ‘क’ आणि ‘ग’ला एकच खूण, त्यामुळे एका ओळीची दोन-तीन वाचनं निघतात. स्कँडिनेव्हियात पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते, पण जागा मोजक्याच. पोट भरतं ते रस्ते-इमारतींच्या आधी होणाऱ्या उत्खननांवर, तेही मुख्यतः उन्हाळ्यात; थंडीत जमीन गोठते.

आता खरं काम. डेन्मार्कमधल्या फिरकाट इथलं एक थडगं घ्या, साधारण इ.स. ९८०चं. गाडीच्या लाकडी खोक्यात पुरलेली बाई, पायाच्या बोटांत चांदीची वळी, जवळ लोखंडी दांडा आणि खुरासानी ओव्याच्या जातीच्या विषारी झाडाचं बी. मराठी डोळ्याला ती वळी जोडवी वाटणार. सवाष्ण म्हणून मोकळं होऊ नका. स्कँडिनेव्हियात असे दागिने दुर्मीळच. असे दांडे पूर्वी मांस भाजायच्या सळया म्हणून नोंदले जात, आज अनेक जण ते भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचे, व्होल्वाचे, मानतात. म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा: ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. पहिल्यात फक्त लांबी, धातू, शरीरापासूनचं अंतर. ‘जादूची काठी’ पहिल्या रकान्यात गेली, की पुढचा प्रत्येक जण तीच उचलतो.

ते बी जेमतेम दीड मिलिमीटरचं. ४ मिलिमीटरच्या चाळणीतून ते पाण्याबरोबर निघून जातं आणि पुरावाच जातो. पोट आणि कमरेजवळची माती वेगळ्या पिशवीत भरा, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धुवा.

शस्त्रांवरून पुरुष ठरवू नका. स्वीडनमधल्या बिर्का इथलं बीजे ५८१ हे थडगं १८७८ साली खणलं गेलं. तलवार, कुऱ्हाड, दोन घोडे; तेव्हा योद्धा पुरुषच मानला गेला. २०१७ साली डीएनएने हाडं स्त्रीची ठरवली. मग वाद झाला, हाडं नक्की त्याच थडग्यातली ना? संग्रहालयातली जुनी हाडं हाती घेतलीत, तर नमुना काढण्याआधी हाडावरचा क्रमांक मूळ रेखाटनाशी ताडून पाहा.

हाडांतल्या कार्बनवरून काढलेल्या तारखेतही खोट असते. समुद्री मासे खाणाऱ्यांची हाडं खऱ्याहून जुनी दिसतात. इंग्लंडमधल्या रेप्टनला वायकिंग सैन्याने ८७३-७४चा हिवाळा काढला. तिथली काही हाडं याच कारणाने त्याआधीची वाटत होती. त्यामुळे प्रयोगशाळेला नमुना पाठवताना कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५चं मापही मागा (खाण्यात मासे किती होते ते त्यावरून कळतं), आणि शक्य असेल तर त्याच थडग्यातलं गवत खाणाऱ्या जनावराचं हाड सोबत द्या.