थव्याचा फोटो काढताय? आधी चार पावलं मागे या

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पहाटे पोचलेला नवा फोटोग्राफर सगळ्यात आधी काय करतो, तर जमेल तितका पुढे सरकतो. एकट्या पक्ष्यासाठी ते ठीक आहे, पण थव्याचे बहुतेक फोटो तिथेच बिघडतात.

हिशोब करून बघा. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, ४०० एमएम लेन्स, लेन्सच्या छिद्राचं माप म्हणजेच अ‍ॅपर्चर एफ/५.६ आणि पक्षी ३० मीटरवर, एवढं धरलं तर जेमतेम सव्वा मीटर खोलीतलंच शार्प येतं. चक्रवाकांचा, म्हणजे भगव्या बदकांचा, थवा पाण्यावर पाच-सहा मीटर सहज पसरलेला असतो. मग मधल्या एकाची पिसं मोजता येतात आणि मागे नुसते भगवे ठिपके दिसतात. छिद्र लहान करून एफ/११ केलं तरी ही खोली दुप्पटच होते. अंतर दुप्पट केलं तर मात्र ती चौपट होते. ६० मीटरवरून एफ/८ ला पावणेसात मीटरच्या आसपास खोली मिळते. पक्षी लहान दिसतील, दिसू द्या. छिद्र लहान केल्यावर प्रकाश कमी पडून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला किंवा फोकस चुकलेला पक्षी नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळे फोकस पॉइंट कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडणं. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या या पाणथळीत पाणकणसं भरपूर, आणि कॅमेऱ्याला तीच आधी सापडतात. हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा सलग फोकसचा मोड लावा आणि एक पॉइंट किंवा लहानसा झोन पुढून दुसऱ्या-तिसऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर ठेवा. गर्दीत डोळा ओळखणारी सोयही बंद केलेली बरी, ती या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर उड्या मारत राहते.

फोटो मोठा करून पाहिला की दोष कुठला ते कळतं. पुढचं गवत स्पष्ट असेल तर पॉइंट चुकला. एकच पक्षी स्पष्ट असेल तर खोली कमी पडली. स्थिर काठ स्पष्ट आणि पंख फरफटलेले असतील तर शटर मंद होतं. उडत्या बदकांना १/२००० सेकंदाच्या शटरखाली जाऊ नका.

‘जमिनीला टेकून फोटो काढा’ हा सल्लाही थव्याला जसाच्या तसा लावू नका. खालून पाहिलं की पक्षी एकमेकांवर चढतात आणि दोन मानांचं बदक तयार होतं. इथे निरीक्षण मनोरे आहेत, त्यांचा उपयोग करा. वरून प्रत्येक पक्ष्याभोवती थोडं पाणी सुटतं. पार्श्वभूमी तितकी मऊ येत नाही, हे खरं. पण माझ्या मते हा सौदा परवडतो.

चौकटीच्या कडेला अर्धा चमचा, अर्धी शराटी असे अर्धे कापलेले पक्षी येऊ देऊ नका. पूर्ण थवा मावत नसेल तर त्यातले पाच-सातच निवडा आणि त्यांच्या तोंडासमोर जागा सोडा. उडता थवा वळतो तेव्हा सगळे एकदम आडवे येतात, म्हणजे बरेचसे एकाच अंतरावर. खरी फ्रेम तीच. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते समोरून येतात.

थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे महाभाग अधूनमधून भेटतातच. अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आणि हुसकावलेला थवा तुमच्याकडे पाठ करूनच पळतो, त्यामुळे हाती लागतात ती शेपटं.

सेटिंग सगळं बरोबर असूनही दूरचे पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरत असतील तर लेन्सला दोष देऊ नका. ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा हलते आणि त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. लांबचे थवे कोवळ्या उन्हातच उरका. नंतर काठाजवळच्या शेकाट्यांकडे, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांकडे, वळा.