उष्णता कोणत्या तारेतून किती दूर जाते, हे घरी कसे मोजावे

कढईत ठेवलेले लोखंडी उलथणे थोड्याच वेळात हाताला चटके देऊ लागते आणि करवंटीचा डाव मात्र खुशाल धरता येतो, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हा फरक किती, हे मोजायला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, पुरेसे आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळत असल्यामुळे किनाऱ्यावर ते बहुधा पातळच असते. भिरंडेल सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते.

तांब्याची एकसंध तार, लोखंडी तार आणि खराट्यातला एक हीर, असे तिन्ही साधारण दोन मिलिमीटर जाडीचे आणि हातभर लांबीचे घ्यावेत. जाडी सारखी हवीच, कारण जाड तारेत उष्णता अधिक दूर टिकते आणि तुलना फसते. तांब्याच्या तारेवरचे प्लास्टिक सोलून काढावे. तारांची टोके काटकोनात वाकवून पातेल्यातल्या पाण्यात सोडावीत, हीर नुसताच तिरपा बुडवावा, आणि उरलेले भाग झाकणाखालून एकाच बाजूला बाहेर काढावेत. फटी भिजवलेल्या कणकेने बुजवाव्यात आणि वाफेला विरुद्ध बाजूने वाट ठेवावी. तारांना वाफ लागली, तर आपण वहन नव्हे, वाफ मोजत बसतो.

बाहेरच्या भागावर भिरंडेलाचा पातळ थर चोळून पाणी उकळत ठेवावे. समुद्रसपाटीला उकळते पाणी १०० अंशांवर स्थिर राहते, ही किनाऱ्यावरच्या प्रयोगकर्त्याची सोय आहे. शेगडी शक्यतो इंडक्शनची असावी, कारण गॅसची गरम हवा तारांना परस्पर तापवते. पंखा बंद करून खिडकीही लावून घ्यावी, कारण खारा वारा तारांची उष्णता पळवतो.

आता पांढुरका थर पारदर्शक होत पुढे सरकताना दिसेल. कोणता थर आधी वितळू लागला याला फारसे महत्त्व देऊ नये. तो वेग पदार्थ स्वतः तापायला किती उष्णता घेतो यावरही ठरतो. वितळण्याची सीमा पुढे सरकायची थांबली, की कणकेपासून तिथवरचे अंतर मोजावे. या अंतराचा वर्ग पदार्थाच्या उष्णतावाहकतेच्या प्रमाणात असतो. तांब्याचे अंतर लोखंडाच्या अडीचपट भरले, तर वाहकता सुमारे सव्वासहापट झाली. तांब्याची वाहकता मीटर-अंशामागे ४०० वॅटच्या आसपास आणि साध्या पोलादाची ५०-६० असल्याने हे उत्तर पटण्याजोगे आहे. अठराव्या शतकात यान इंगेनहाउस या डच वैद्याने मेण लावलेल्या धातूच्या तारांवर असाच प्रयोग केला होता.

हिरावरचा थर बोटभरही वितळत नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. हिरात ते नसल्याने अणूंची थरथर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते तेवढीच, आणि तंतूंमधली हवा तिलाही अडवते.