बालाघाटात सायकलची टोळी कशी जमवावी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळ्यात शेवटी काढा. आमच्या अंबाजोगाईत (बीड जिल्हा, बालाघाटचे डोंगर) सायकलवाल्यांचे ग्रुप कमी निघाले नाहीत, पण त्यातले बरेचसे आता गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या केकवर जगतात. टोळी जमायला एक वार, एक वेळ आणि एक जागा लागते. आमचं ठरलेलं आहे: रविवार, पहाटे सहा, मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्याचं तोंड. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्याची मोटार वार बघून जळत नाही, म्हणून नऊच्या आत शटर वर करावं लागतं. कुणी येवो न येवो, मी सहाला निघतो. "उद्या कोण कोण येणार?" असं आदल्या रात्री विचारायचंच नाही. विचारलं की चार जण हो म्हणतात, एक जण पावसाचं कारण काढतो आणि बाकीचे तीन त्याच्या मागे झोपतात.

येणारा कुठल्या सायकलवर आला हे बघून तोंड वाकडं करू नका. आपल्याकडे "गिअरची सायकल" म्हणून जे मिळतं त्यात पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, उचलताना घाम काढणारी सायकल हमखास असते. पोराच्या बापाने हप्त्यावर घेतलेली असते ती. तिच्यावर चढ जड जातो, पण मुरमाच्या रस्त्यावर ती चालते. मी दोनच गोष्टी तपासतो: दोन्ही ब्रेक लागतात का, आणि डोक्यावर हेल्मेट आहे का. हेल्मेट नसेल तर दुकानात ठेवलेलं जास्तीचं देतो. तेही नको म्हटलं तर त्याला पक्क्या रस्त्यानेच परत पाठवतो. यात मैत्री आड येऊ देत नाही. बाकी हायड्रॉलिक ब्रेक, एअर सस्पेन्शन ही चर्चा नव्या माणसासमोर करूच नये. तो घाबरतो, नाहीतर कर्ज काढतो.

टोळी टिकते की मोडते ते शेवटच्या माणसावर ठरतं. पुढे कोण राहणार हे सांगावं लागत नाही, पायात जोर असलेले आपोआप पुढे जातात. मागे राहणारा मात्र आधी नेमा. तो अनुभवी हवा, त्याच्याकडे पंप आणि ट्यूब हवी, आणि त्याने शेवटच्या माणसाला कधीही ओलांडायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं. आणखी एक बारीक गोष्ट. मागचा धापा टाकत पोचला की पुढचे लगेच पॅडल मारायला लागतात, कारण त्यांची विश्रांती झालेली असते. हे मोडून काढा. तो पाणी पिऊन "चला" म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

आता पंक्चर. इकडच्या माळावर वेडी बाभूळ, बोर आणि सराटे आहेत, तेव्हा पंक्चर होणारच. ते शिकवण्याची संधी म्हणून घ्या. नव्या माणसाची सायकल पंक्चर झाली की पाच जण धावून दहा मिनिटांत काढून देतात आणि तो हात बांधून उभा राहतो. तसं करू नका. त्यालाच करू द्या, तुम्ही बाजूला बसा. ट्यूब काढली की ती टायरच्या शेजारी वॉल्व्हला वॉल्व्ह जुळवून धरायला सांगा, म्हणजे ट्यूबवर भोक जिथे आहे, टायरमध्ये काटा साधारण तिथेच सापडतो. मग टायरच्या आतून सुती फडकं फिरवायचं. बोट फिरवलं तर बाभळीचा काटा बोटात मोडतो. फडक्याचा धागा अडकला की जागा कळते. काटा बाहेरून दिसत नाही, टोक आतल्या बाजूला केसाएवढं असतं. ते पक्कडीने काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर पुढच्या फाट्याच्या आत पुन्हा हवा जाते. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस पुढच्या रविवारी येतो, असा माझा अनुभव आहे.

हवा किती भरायची यावर वाद होतात. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, सत्तरेक किलोचा माणूस असेल तर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. पंक्चरवाल्याकडे भरून घेतलीत तर तो दगडासारखी टणक करून देतो, आणि मग सुट्या मुरमावर पुढचं चाक सरकतं. बारीक वॉल्व्हची ट्यूब असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, नाहीतर खेड्यातल्या मशिनला तुमचं चाक लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जमिनीला द्या. डोंगर मोकळा दिसतो, पण तो कुणाचा तरी असतो: वनविभागाचा, गावच्या गायरानाचा किंवा कुणा शेतकऱ्याचा. गट नंबर काढून सातबारा बघा. ऑनलाइन दिसतो, नाहीतर तलाठ्याला विचारा. राखीव वन निघालं तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, आणि परवानगी हातात येईपर्यंत तिथे सायकलही नको आणि कुदळही नको. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं, खोदणं, झाड तोडणं हे गुन्हे आहेत. अर्ज देताना रिकाम्या हाताने जाऊ नका. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, साफ करायला माणसं लागतात, पाणवठ्यात पाणी टाकायला माणसं लागतात. तिथे टोळी घेऊन जा. जाळरेषेवर एक दिवस घाम गाळला की वनरक्षक तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो.

गावाशी बोलायचं तर पावसाळ्यात बोला. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर मग म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. ज्याच्या बांधावरून जायचं तोच कर्नाटकात फडावर असेल तर हो कुणाकडून घेणार? मला या कामी दुकानाचा फायदा होतो, बऱ्याच जणांची मोटार माझ्या हाताखालून गेलेली आहे. तरी एकदा शेळ्या राखणाऱ्या एका मामांनी अडवलंच. "काय करायलेत तुम्ही पोरं इथं? माझ्या शेळ्या बुजायल्यात." म्हणणं खरं होतं. शेळ्या सायकल बघून बुजत नाहीत, मागून अचानक आलेल्या आवाजाने बुजतात. तेव्हापासून आमचा नियम असा: जनावरं दिसली की उतरायचं, राखणारा असेल त्याला आवाज द्यायचा, त्याने हात केला की उताराच्या बाजूने चालत पुढे जायचं. घंटी सगळ्यांच्या सायकलला सक्तीची आहे. "लहान मुलांच्या सायकलला असते ती?" म्हणून हसणारे भेटतात. हसू द्या.

सीताफळाच्या दिवसांत, साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून, सकाळी बायका टोपल्या घेऊन डोंगरात असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि डोंगरातल्या फळावर कुणाचं तरी दिवाळीचं तेल-मीठ असतं. एकही फळ तोडायचं नाही, खावंसं वाटलं तर त्याच मावशींकडून विकत घ्यायचं. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाच्या दिवसांत गावातून मंदिराच्या बाजूने जाऊ नका, गर्दीत सायकली घालण्यात अर्थ नाही.

परवानगी मिळाल्यावर वाट करायची वेळ येते, तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा त्यातल्या तीन तालुक्यांत आपला अंबाजोगाई होता. त्या श्रमदानात सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) खोदलेला माणूस उतारावरून पाणी कसं पळतं हे कुणाही रायडरपेक्षा जास्त जाणतो. त्याला टोळीत घ्या, सायकल येत नसली तरी.

मोजायचं असं. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाली. तिचा ठोकताळा म्हणजे वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावा. आपल्या भाषेत: श्रमदानातला हायड्रोमार्कर (दोन काठ्यांना लावलेली, पातळी दाखवणारी पाण्याची नळी) घ्या, त्या काठ्या दहा फुटांवर उभ्या धरा, पातळीत एक फुटाहून जास्त फरक आला तर वाट वळवा. वाटेला बाहेरच्या अंगाला हलका ढाळ द्या. मध्ये मध्ये वाट थोडी खाली घेऊन पुन्हा चढवा, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर निघून जातं. वाट सरळ उतारावर उभी काढली तर पाणी तिच्यातूनच पळतं आणि काही पावसाळ्यांत तिथे घळ पडते. टिकाव, फावडं, दाताळं आणि घमेलं एवढी हत्यारं पुरतात. शक्यतो नवी वाट काढूच नका. गुरांची जुनी वाट साफ करा, तिचा चढ बहुतेक वेळा बरा असतो, गुरांना आपल्यासारखी हौस नसते.

आणि चराच्या बांधावरून उडी मारणारा दिसला तर त्याला त्या दिवशीच घरी पाठवा. तो बांध गावाच्या पाण्याचा आहे. पाऊस पडल्यावर काळ्या रानातून तर जाऊच नका: चाक फ्रेममध्ये जाम होतं, आणि पडलेली चाकोरी वाळल्यावर तशीच राहते. मुरमाचा भाग एक-दोन दिवसांच्या उघडिपीत चालण्यासारखा होतो. उन्हाळ्यात निघायची वेळ पाचची करा, माणशी दोन लिटर पाणी घ्या.

आमच्या टोळीत मेडिकल कॉलेजची पोरं-पोरी बरीच आहेत, आणि ती जाणारच असतात. इंटर्नशिप संपली की कुणी नागपूर, कुणी पुणे. त्यामुळे काम एकाच माणसाकडे ठेवू नका. हत्यारांच्या खोलीची किल्ली, मागे राहायची पाळी, वनरक्षकाचा नंबर, प्रत्येक गोष्ट दोघांकडे हवी, आणि त्यातला एक गावातला हवा. संस्था नोंदवायची घाई करू नका. अध्यक्ष कोण यावर जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक वाट साफ होते. पैसे लागतात ते थोडे: ट्यूब, पॅच, चहा. आमच्याकडे दुकानात एक डबा आहे, जमेल तसं टाकतात, आणि काय आणलं ते झाकणावर खडूने लिहितो. आणलेलं सामान दर महिन्याला उघडून बघत चला. पॅच चिकटवायच्या सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की झाकण कितीही घट्ट लावा, आमच्या उन्हाळ्यात ती आतल्या आत वाळते.