मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी तेलाची निवड

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात. एक म्हणजे ७५डब्ल्यू-९० यासारखा दाटपणाचा आकडा आणि दुसरी म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५ अशी एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने ठरवलेली श्रेणी. बहुतेक वाहनमालक चौकशी करतात ती पहिल्या आकड्याची. दुसऱ्याबाबत मोठा आकडा म्हणजे वरच्या दर्जाचे तेल असे गृहीत धरून मोकळे होतात. मॅन्युअल गिअरबॉक्सला हे गृहीतकच बाधते, कारण जीएल-५ ही जीएल-४ची सुधारित आवृत्ती नसून वेगळ्या कामासाठी ठरवलेली वेगळी श्रेणी आहे.

हे नीट समजण्यासाठी गिअर बदलताना आत काय घडते ते पाहावे लागते. आपण दांडा सरकवतो तेव्हा सिंक्रोनायझरची रिंग, जी अनेक गिअरबॉक्समध्ये पितळेची असते, फिरत्या गिअरच्या शंकूच्या आकाराच्या भागावर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांची गती एकसारखी करते. ती जुळल्यावरच दाते एकमेकांत अलगद बसतात. या रिंगच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, त्या मधले तेल बाजूला सारतात आणि त्यामुळे रिंगला पकड मिळते. म्हणजे याच तेलाने दात्यांना आणि बेअरिंगना निसरडेपणा द्यायचा, पण रिंगची पकड मात्र सुटू द्यायची नाही. तेल गरजेपेक्षा निसरडे असेल तर रिंग घसरते, गती जुळत नाही आणि दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना करकर ऐकू येते.

जीएल-५ तेल मुख्यतः डिफरन्शियलमधील, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या यंत्रणेतील, क्राउन आणि पिनियन या हायपॉइड (अक्ष एकमेकांना न छेदणाऱ्या) दातेरी चाकांच्या जोडीसाठी असते. तिथे दाते एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबवर घासत सरकतात, म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त अतिदाबरोधक द्रव्ये भरपूर घातलेली असतात. जीएल-४मध्ये त्यांचे प्रमाण साधारणपणे निम्मे असते. नव्या गिअर ऑइलच्या डब्याचे बूच उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास याच गंधकाच्या संयुगांचा असतो. तापलेल्या तेलातील ही सक्रिय संयुगे तांबे आणि पितळ यांवर परिणाम करू शकतात. अलीकडच्या काही जीएल-५ तेलांत हा दोष बराच कमी झाला आहे हे खरे, परंतु त्यामुळे रिंगच्या पकडीचा प्रश्न सुटतोच असे नाही. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेले असतील तर असे तेल, माहितीपुस्तिकेत त्याला परवानगी नसेल तर, मी टाळतो.

पुढची चाके ओढणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असते, पण त्याचे दाते बहुधा साधे तिरपे असतात आणि त्यांना जीएल-४ पुरते. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल वेगवेगळे असल्याने दोन्हींसाठी वेगळे तेल लागू शकते. सोय म्हणून एकच डबा दोन्हीकडे रिता करू नये. याला अपवादही आहेत. सुबारूच्या अनेक मॅन्युअल गाड्यांत पुढचे हायपॉइड डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात फिरते, म्हणून कंपनीच तिथे जीएल-५ सांगते. होंडाच्या कित्येक जुन्या मॅन्युअल गाड्यांना इंजिन ऑइल चालत असे, काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल सुचवतात आणि १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत. त्यामुळे गाडीची माहितीपुस्तिका उघडून पाहणे ही औपचारिकता नव्हे; निवड तिथूनच सुरू होते, आणि तिथे कंपनीने स्वतःचा सांकेतिक क्रमांक दिला असेल तर तो इतर सर्व सल्ल्यांपेक्षा वरचढ मानावा.

दाटपणाच्या आकड्यांची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ९० क्रमांकाचे गिअर ऑइल साधारणपणे ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते, त्यामुळे ९० हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि तो जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते. सकाळी पहिले काही मिनिटे गिअर जड पडत असेल आणि गिअरबॉक्स तापल्यावर तो सुटा होत असेल, तर तेल गरजेपेक्षा दाट असण्याची शक्यता आहे. याउलट, जुन्या गिअरबॉक्सचा घोंघावणारा आवाज दाबण्यासाठी मुद्दाम दाट तेल भरणे मला पटत नाही, कारण त्याने आवाज थोडा झाकला तरी झिजलेले बेअरिंग झिजलेलेच राहते.

तेल बदलताना आधी भरण्याच्या तोंडाचा प्लग सैल होतो का ते पाहावे आणि मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. जुने तेल वाहून गेले आणि वरचा प्लग गंजून अडकला असे झाले तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावरचा थर बोटांवर चोळून पाहावा. करडा, मऊ, लोण्यासारखा गाळ ही नेहमीची झीज असते. लोखंडाचे टोचणारे कण सापडले तर दाते किंवा बेअरिंग तुटत असल्याची शंका घ्यावी. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून निचरलेले तेल उजेडात तिरपे धरून त्यात सोनेरी चमक आहे का तेही पाहावे. ती ठळक असेल तर रिंगा झिजत आहेत आणि योग्य तेलानेही त्या पूर्ववत होणार नाहीत.

नवे तेल बहुतेक गिअरबॉक्समध्ये, गाडी सपाट जागी उभी असताना, भरण्याच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत येईल इतके भरतात. ते तोंडातून बारीक धारेने बाहेर येऊ लागले की थांबावे, धार तुटू द्यावी आणि प्लगला नवा वॉशर घालून तो सांगितलेल्या जोराने आवळावा.