दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ कशी काढायची

पहिली गोष्ट, भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो, याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि गुगल मॅप्सवर राइट क्लिक करून मेझर डिस्टन्स (Measure distance) निवडलं की तेच अंतर मिळतं. बहुतेकांचं काम इथेच होतं.

स्वतः काढायचं असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश रेखांश घ्या. लंडन हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम आणि न्यूयॉर्क जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्हींचे कोसाइन गुणिले रेखांशातल्या फरकाचा कोसाइन हे मिळवा. उत्तर येतं ०.६४५, त्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ किंवा acos) म्हणजे साधारण ४९.८ अंश. एका अंशाला १११.२ किमी धरा, झाले ५५४० किमी. एक्सेलमध्ये करत असाल तर अंश आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदला आणि शेवटचं उत्तर परत अंशात आणा, नाहीतर काहीतरी भलतंच उत्तर येतं आणि आपण फॉर्म्युल्याला शिव्या घालत बसतो.

आता वेळ. मोठं जेट वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किमीने जातं, म्हणून अंतराला ८८० ने भागायचं आणि टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं), चढणं, उतरणं याचा अर्धा पाऊण तास वर धरायचा. लंडन न्यूयॉर्कला साधारण ७ तास येतात. पण प्रत्यक्षात जाताना ८ च्या आसपास लागतात आणि येताना ७, कारण वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच जोरात.

खरा घोळ तिकिटावर होतो. तिथे दोन्ही वेळा लोकल असतात, थेट वजाबाकी करायचीच नाही, दोन्ही यूटीसीमध्ये (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) आणा मग करा. समजा टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी साडेनऊला पोचलात, म्हणजे निघायच्या आधीच पोचलात की काय! टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे म्हणजे निघालात ८:०० यूटीसीला, सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात ८ तास मागे म्हणजे पोचलात १७:३० ला, प्रवास साडेनऊ तासांचा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटाला जरा जपून, अमेरिका आणि युरोप उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढेमागे करतात ती वेगवेगळ्या रविवारी, तेवढे दिवस लंडन न्यूयॉर्कमधला फरक ५ ऐवजी ४ तास असतो.

आणि गणित बरोबर असूनही वेळ जुळत नसेल तर रूट बघा. लंडन टोकियो साधारण ९६०० किमी आहे, आपल्या हिशोबाने साडेअकरा तास, पण २०२२ पासून ब्रिटिश आणि जपानी कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, वळसा घालतात, म्हणून १४ तासांच्या आसपास लागतात. अशा वेळी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फ्लाइट नंबरचे मागचे काही दिवस उघडा आणि खरंच किती वेळ लागला तोच आकडा धरा.