ऑटोमॅटिक गाडी उतारावर लावताना पी (पार्क) मध्ये टाकायची घाई करू नका

महाबळेश्वर, पाचगणीला उतारावर गाडी लावली की निघताना पी मधून लीव्हर निघता निघत नाही आणि निघाला की खाडकन आवाज येतो. याचं कारण एवढंच की फूट ब्रेक दाबून थेट पी मध्ये टाकलं आणि पाय उचलला तर अख्ख्या गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्याशा खिळीवर येऊन बसतं, आणि हे सहज टाळता येतं.

१. फूट ब्रेक उजव्या पायानेच दाबून गाडी पूर्ण थांबवा, पाय तसाच ठेवा.
२. लीव्हर एन (न्यूट्रल) वर.
३. हँडब्रेक चांगला घट्ट ओढा, इलेक्ट्रिक असेल तर बटण.
४. आता फूट ब्रेक हळूहळू सोडा, गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर बसेल. ही पायरीच खरी महत्त्वाची आहे, नेमकी हीच लोक गाळतात.
५. परत फूट ब्रेक दाबून पी, मग इंजिन बंद.

निघताना फूट ब्रेक दाबून स्टार्ट करा, आधी पी मधून डी (पुढे जायला) किंवा आर (मागे घ्यायला), आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडा.

चौथ्या पायरीत गाडी सरकतच राहिली तर लगेच ब्रेक दाबा आणि हँडब्रेक गॅरेजमध्ये दाखवून घ्या. आणि बऱ्याच एएमटी गाड्यांना (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन बदलतं अशा) पी नसतोच, त्या एन मध्ये सोडून जाऊ नका, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं गिअरमध्येच बंद करा आणि चाकाखाली एक दगड लावाच.