पिनहोल शिकताय ना, मग आधी छिद्र मोजा

पिनहोल म्हणजे लेन्सऐवजी बारीक छिद्र असलेला डब्याचा कॅमेरा, आत फोटो पेपर लावायचा. डबा आतून काळा कसा करायचा, टेपचं शटर कुठं लावायचं हे तुम्हाला माहीतच असेल, त्याचे व्हिडिओ ढिगानं पडलेत, तो भाग सोडतो. मी छिद्राबद्दल बोलणार, कारण माझे सगळ्यात जास्त कागद तिथंच वाया गेले आणि अजूनही आठवलं की जीव जळतो, फोटो पेपर काही फुकट येत नाही राजा.

सगळ्यांना वाटतं छिद्र जितकं बारीक तितका फोटो शार्प. एका हद्दीपर्यंत ते खरंही आहे. त्याच्यापुढं बारीक केलं की प्रकाश छिद्राच्या कडेला वळून पसरायला लागतो, शाळेत डिफ्रॅक्शन रटलं होतं ना, तेच, आणि फोटो परत पिचपिचीत. छिद्रापासून कागद १०० मिमीवर असेल तर छिद्र साधारण ०.४ मिमी पाहिजे. ०.२ केलंत तर हा पसारा दुप्पट आणि एक्सपोजर चौपट, म्हणजे फोटो खराब आणि वरून उन्हात जास्त वेळ उभं राहा. कॅनचा पत्रा घ्या, सुईचं नुसतं टोक दाबा, मागं जो फुगवटा येतो तो बारीक पॉलिश पेपरनं घासा, परत टोक, परत घासा. सुई आरपार खुपसली की कड फाटली समजा. मग पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला स्कॅन करा, ०.४ मिमी म्हणजे जवळपास ३८ पिक्सेल. गोल नाही, कडेला कचरा दिसतोय? फेका, दुसरं करा. पत्र्याला काय पैसे पडतात?

एवढं ताणून काहून सांगतो, तर माझे धूसर फोटो बघून ज्यांच्याकडे शिकत होतो ते म्हणायचे, "वा, मूड आहे!" मूड कसला, छिद्र फाटकं होतं. आर्ट फोटोग्राफी शिकवणारे बरेच जण असंच गोड बोलतात, त्यांना स्वतःला छिद्र किती मिमीचं ते विचारा, गप्प होतात.

बाकी घाबरू नका. सुरुवातीचे कागद पूर्ण काळे नाहीतर पूर्ण पांढरे येणारच, सगळ्यांचे येतात. पेपरचा आयएसओ (उजेड पकडायचा वेग) ३ ते ६ धरा, वर सांगितलेला डबा एफ २५० पडतो (कागदाचं अंतर भागिले छिद्राची रुंदी), म्हणजे कडक उन्हात ४० सेकंद ते सव्वा मिनिट, सावलीत पाच-दहा मिनिटं. आणि खरी मजा इथूनच आहे, नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर एवढ्या वेळात चालणारी माणसं गायब होतात, पायरीवर बसलेला एखादा म्हातारा तेवढा उरतो, मग कोण उरावं हे तुम्हीच ठरवायला लागता. पेपरला लाल-नारंगी जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळं संत्र्यांचा ठेला काढला तर प्रिंटमध्ये काळपट गोळे आणि वर आभाळ पांढरंफटक. रंग विसरून उजेड बघायची सवय यानंच लागते. फ्रेम बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नाही म्हणून रडू नका, डब्यावर कागदाच्या दोन टोकांपासून छिद्रापर्यंत मार्करनं रेघा मारा, रेघेवरून नजर टाकली की फ्रेमची कड कळते.

डीएसएलआरच्या बॉडी कॅपला (लेन्स काढल्यावर लावायचं झाकण) भोक पाडायचा शॉर्टकट आहे, वाईट नाही, पण सेन्सरवरची सगळी धूळ फोटोत ठिपक्यांसारखी उठून दिसते आणि स्क्रीनवर लगेच दिसतं म्हणून डोकं कोणी लावत नाही. माझ्या मते पहिले काही महिने नकोच. पिनहोलचं फिल्टरवालं ॲप तर अजिबात नको.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वर्ल्ड पिनहोल डे असतो, तेव्हा आपल्याकडे दुपारी बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा. सकाळी लवकर फुटाळा तलावावर जा, वेळ थोडा जास्त धरा. डेव्हलपिंग रात्री करा आणि टाकीचं पाणी थेट वापरू नका, डेव्हलपर, म्हणजे कागदावर फोटो उमटवणारं रसायन, २० अंशाला पाहिजे, आपलं पाणी उन्हाळ्यात चहाला टेकलेलं असतं, कागद झपकन काळा पडतो आणि तुम्ही घाबरून अर्ध्यात काढता. ट्रेखाली परातीत बर्फ ठेवा, थर्मामीटर बुडवूनच सुरू करा.